व्हर्च्युअल मशीनचं नेटवर्क रखडतंय? सेटिंगला हात लावण्याआधी हे तपासा

अंधेरीच्या एमआयडीसीत किंवा महापे-ऐरोलीच्या पट्ट्यात सपोर्टची पहिली नोकरी लागली की एक तिकीट हमखास येतं: "सर्व्हर स्लो आहे, नेटवर्क बघा." सर्व्हर बहुतेक वेळा व्हर्च्युअल मशीन असतं, म्हणजे एका खऱ्या संगणकावर (होस्टवर) सॉफ्टवेअरने उभा केलेला संगणक (गेस्ट). तो उभा करणारं सॉफ्टवेअर म्हणजे हायपरवायझर: व्हीएमवेअर, केव्हीएम, प्रॉक्समॉक्स, हायपर-व्ही वगैरे. नवा मुलगा नेटवर शोधतो, कुठेतरी पाच सेटिंग बंद करायला सांगितलेली सापडतात, तो पाचही बंद करतो. कधी फरक पडतो, कधी नाही. पण कशामुळे, ते दोन्ही वेळा कळत नाही. हे त्याच्यासाठी लिहितोय. कमांड आणि त्यांचे पर्याय उच्चाराप्रमाणे दिले आहेत.

एक गोष्ट आधी पक्की करून घ्या: व्हर्च्युअल नेटवर्क कार्डाला स्वतःचं हार्डवेअर नसतं. खऱ्या कार्डावरची चिप जे काम करते, त्यातलं बरंचसं इथे होस्टचा सीपीयू करतो. म्हणून नेटवर्कची तक्रार पुष्कळदा सीपीयूची निघते. मशीनच्या आत दिसणारा लिंकचा वेगही याच कारणाने नावापुरता असतो. व्हीएमवेअरमधलं ई१००० कार्ड १ गिगाबिट दाखवतं आणि व्हीएमएक्सनेट३ १० गिगाबिट दाखवतं. खालची खरी केबल १ गिगाबिटची असली तरी १०च दाखवतं. उलट एकाच होस्टवरची, एकाच पोर्ट ग्रुपमधली (व्हर्च्युअल स्विचच्या एकाच गटातली) दोन मशीन आपसात बोलतात तेव्हा पॅकेट केबलवर जातच नाही, होस्टच्या मेमरीतूनच पोचतं, आणि वेग १० गिगाबिटच्या वरही जाऊ शकतो. तेव्हा "कार्ड १० चं आहे, मग १० का मिळत नाही" हा प्रश्न तिकिटात लिहू नका. वरिष्ठ हसतात.

पायरी १: तक्रार आकड्यात आणा

आधी माणसाशी बोला. "मॅडम, सगळंच हळू आहे की फक्त रिपोर्ट काढताना?" "बाजूच्या टेबलवरही असंच होतंय का?" "सकाळी आल्या आल्या बरं असतं का?" एवढ्या तीन प्रश्नांत निम्मा गुंता सुटतो. सकाळी बरं आणि अकरानंतर वाईट, म्हणजे लोड. फक्त एकाच टेबलावर वाईट, म्हणजे सर्व्हर बहुधा निर्दोष. रोज ठरावीक वेळेला वाईट असेल तर बॅकअपचं वेळापत्रक उघडून बघा.

मग एककं. लाइनचा वेग मेगाबिटमध्ये मोजतात, विंडोजची फाइल कॉपीची खिडकी मेगाबाइट दाखवते. १ गिगाबिटच्या लाइनवर, १५०० बाइटच्या नेहमीच्या पॅकेटने, टीसीपीतून जास्तीत जास्त ९४० मेगाबिटच्या आसपास मिळतात; बाकीचं हेडर आणि फ्रेममधल्या मोकळ्या जागेत जातं. म्हणजे सेकंदाला साधारण ११७ मेगाबाइट. कॉपी ११० च्या पुढे चालली असेल तर लाइन भरलेली आहे, बिघडलेली नाही. पण आकडा ११ मेगाबाइटवर येऊन हलतच नसेल तर सगळं सोडा आणि थेट केबलची पायरी वाचा. तो आकडा १०० मेगाबिटच्या लिंकचा आहे, आणि त्याची ओळख एकदा पटली की पुढे कॉपीची खिडकी बघूनच कारण कळतं.

फाइल कॉपी ही मात्र नेटवर्कची चाचणी नव्हे. त्यात डिस्क येते, अँटिव्हायरस येतो, आणि हजारो लहान फाइली असतील तर प्रत्येक फाइल उघडण्या-मिटण्याचा वेळ येतो. नेटवर्क एकटं मोजायचं तर आयपर्फ३ हा वेग मोजणारा प्रोग्राम वापरा.

पायरी २: वाट तोडून मोजा

एका टोकाला आयपर्फ३ 'एस' पर्यायाने सुरू करा, दुसऱ्या टोकाकडून 'सी' आणि पहिल्याचा पत्ता देऊन चालवा. पोर्ट ५२०१ फायरवॉलमध्ये उघडा हवा. वेळ किमान ३० सेकंद ठेवा. मोठा 'आर' लावून उलट्या दिशेनेही मोजा, कारण पाठवणं आणि घेणं यांची दुखणी वेगळी असतात. मग मोठा 'पी' लावून चार प्रवाह (स्वतंत्र जोडण्या) एकदम सोडा. आवृत्ती ३.१६ च्या आधीची असेल तर सगळे प्रवाह एकाच थ्रेडवर चालतात, म्हणजे एकच कोर वापरला जातो; जलद लाइन मोजताना हे लक्षात ठेवा, नाहीतर मोजणाऱ्या प्रोग्रामचाच वेग मोजून याल.

वेळ बघून चालवा. आयपर्फ लाइन पूर्ण भरतो. शेअर दलालाच्या ऑफिसात असाल तर सव्वानऊ ते साडेतीन, बाजार चालू असताना, त्याला हात लावू नका.

आता त्याच मशीनवरून तीन मोजमापं घ्या. पहिलं: त्याच होस्टवरच्या दुसऱ्या मशीनपर्यंत. दुसरं: वेगळ्या होस्टवरच्या मशीनपर्यंत. तिसरं: ज्याची तक्रार आहे त्या माणसाच्या टेबलवरून. पहिलंच वाईट आलं तर दोष होस्टच्या आत आहे: कार्डाचा प्रकार, ड्रायव्हर किंवा सीपीयू. पहिलं चांगलं आणि दुसरं वाईट असेल तर होस्टचं खरं कार्ड, केबल किंवा स्विच. दोन्ही चांगली आणि तिसरं वाईट असेल तर मजल्यावरचा स्विच, वायफाय किंवा लांबचं अंतर. हे तीन आकडे हातात आल्याशिवाय एकही सेटिंग बदलू नका. खालच्या सगळ्या पायऱ्या कुणाला लागू आणि कुणाला नाही, ते यावरूनच ठरतं.

आणखी एक खूण: एक प्रवाह हळू पण चार मिळून लाइन भरते, असं असेल तर लाइन ठीक आहे. अडचण एका कोरची, टीसीपी विंडोची (पोच येण्याआधी जास्तीत जास्त किती डेटा पाठवता येतो, ती मर्यादा) किंवा अंतराची.

पायरी ३: कार्डाचा प्रकार

लिनक्समध्ये ईथटूल या कार्डाची माहिती देणाऱ्या कमांडला लहान 'आय' देऊन ड्रायव्हरचं नाव बघा, विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर. नाव ई१००० किंवा इंटेल प्रो १००० आलं, तर ते खऱ्या इंटेल कार्डाची सॉफ्टवेअरने केलेली हुबेहूब नक्कल आहे. गेस्टच्या ड्रायव्हरने कार्डाच्या रजिस्टरला हात लावला की ताबा हायपरवायझरकडे जातो आणि परत येतो, आणि प्रत्येक खेपेला सीपीयू खर्च होतो. कुठलीही ऑपरेटिंग सिस्टिम इन्स्टॉल करताना अडू नये म्हणून हे कार्ड सोयीचं असतं. नंतर ते बदलायला कुणाला आठवत नाही, एवढंच.

व्हीएमवेअरवर व्हीएमएक्सनेट३ घ्या. केव्हीएम आणि प्रॉक्समॉक्सवर व्हर्टआयओ. आपण व्हर्च्युअल आहोत हे यांच्या ड्रायव्हरला माहीत असतं, त्यामुळे तो होस्टशी सामायिक मेमरीतून बोलतो. हायपर-व्हीच्या पहिल्या पिढीच्या मशीनमध्ये 'लेगसी नेटवर्क अडॅप्टर' दिसला तर काढून टाका, ते १०० मेगाबिटचं जुनं कार्ड आहे. घरी व्हर्च्युअलबॉक्सवर शिकत असाल तर एनएटीऐवजी ब्रिज्ड लावून बघा.

बदलताना घाई नको. रिमोट डेस्कटॉपवरून कार्ड बदललंत तर बसलेली फांदी तुम्हीच तोडलीत. हायपरवायझरचा कन्सोल उघडा. आयपी, गेटवे, डीएनएस लिहून ठेवा, कारण विंडोजला हे नवंच कार्ड वाटतं आणि जुन्या कार्डाच्या सेटिंग लपलेल्या डिव्हाइसमध्ये पडून राहतात. नवीन कार्डाला तोच पत्ता देताना विंडोज कुरकुर करतं. लपलेली डिव्हाइस दाखवून जुनं कार्ड काढा. लिनक्समध्ये इंटरफेसचं नाव बदलू शकतं, व्हीएमवेअरवर 'ईएनएस३३' चं 'ईएनएस१९२' होणं नेहमीचं, आणि जुन्या नावाला बांधलेली कॉन्फिग मग निरुपयोगी. मॅक पत्ता (कार्डाचा ओळखक्रमांक) बदलला की डीएचसीपीचं आरक्षण, म्हणजे त्याच्यासाठी राखलेला आयपी, सुटतं. काही हिशेबाच्या आणि डिझाइनच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स मॅक पत्त्याला बांधलेलं असतं, ते आधी विचारा. मार्चअखेरीला अकाउंट्सचं लायसन्स उडालं तर नेटवर्क कितीही जलद झालं तरी कुणी आभार मानत नाही.

विंडोजसाठी ड्रायव्हर आधी टाका, कार्ड मग बदला: व्हीएमवेअरवर व्हीएमवेअर टूल्स, केव्हीएमवर व्हर्टआयओ ड्रायव्हरची आयएसओ. लिनक्सच्या कर्नलमध्ये दोन्ही ड्रायव्हर कित्येक वर्षांपासून आहेत.

पायरी ४: सीपीयू, म्हणजे खरा संशयित

केव्हीएम किंवा क्लाउडवरच्या लिनक्स गेस्टमध्ये टॉप चालवून 'एसटी' (स्टील) हा आकडा बघा. मशीनला सीपीयू हवा होता पण होस्टने दुसऱ्या कुणाला दिला, असा तो वेळ. सतत काही टक्के दिसत असेल तर होस्टवर गर्दी आहे. व्हीएमवेअरवर होस्टच्या ईएसएक्सटॉपमध्ये 'सी' दाबून 'आरडीवाय' (रेडी, म्हणजे सीपीयूसाठी ताटकळलेला वेळ) बघा; दर व्हर्च्युअल सीपीयूमागे तो १० टक्क्यांच्या आसपास असेल तर नेटवर्कला दोष देण्यात अर्थ नाही. व्हीसेंटरच्या (व्हीएमवेअरचे होस्ट सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) चालू आलेखात हाच आकडा मिलिसेकंदांत येतो आणि नवखे घाबरतात. तो २० सेकंदांचा हिशेब असतो, म्हणून एका सीपीयूसाठी २००० मिलिसेकंद म्हणजे १० टक्के. चार सीपीयूच्या मशीनचा आकडा चारांची बेरीज असतो, तो चाराने भागा.

अशा वेळी युजर म्हणतो, "सीपीयू वाढवून द्या." गर्दीच्या होस्टवर सीपीयू वाढवले की प्रतीक्षा वाढायचीच शक्यता जास्त. मी उलट करून बघतो: रिकामे पडलेले आठ सीपीयू चारवर आणतो, किंवा मशीन मोकळ्या होस्टवर हलवतो. आधी हलवा, कारण ते चालू मशीनवर होतं आणि उत्तर पाच मिनिटांत मिळतं.

दुसरा प्रकार जास्त फसवा. मशीनचा सरासरी सीपीयू १५ टक्के दिसतो, सगळं निवांत, तरी वेग एका आकड्यापुढे सरकत नाही. एमपीस्टॅटला मोठा 'पी' आणि 'ऑल' देऊन प्रत्येक कोर वेगळा बघा. एकाच कोरचा 'सॉफ्ट' रकाना १०० ला टेकलेला आणि टॉपमध्ये 'केसॉफ्टआयआरक्यूडी' वर आलेला असेल तर आलेली सगळी पॅकेट एकटा तो कोर उचलतोय. दादरला सहा तिकीट खिडक्या असाव्यात आणि उघडी एकच, तसं. बाकीच्या उघडायच्या तर मल्टिक्यू, म्हणजे कार्डाला पॅकेटच्या अनेक रांगा, हवं. प्रॉक्समॉक्समध्ये कार्डाच्या सेटिंगमध्ये 'मल्टिक्यू' समोर व्हर्च्युअल सीपीयूइतका आकडा टाका, मग गेस्टमध्ये ईथटूलच्या मोठ्या 'एल' पर्यायाने 'कंबाइंड' तेवढंच करा. विंडोजमध्ये कार्डाच्या प्रगत गुणधर्मांत 'रिसीव्ह साइड स्केलिंग' चालू आहे ना, बघा. एक मेख आहे: वाटणी प्रवाहानुसार होते. एकच मोठी कॉपी चालली असेल तर ती एकाच खिडकीवर राहणार. चार प्रवाहांनी मोजूनच फरक बघा.

पायरी ५: गळती

ईथटूल मोठ्या 'एस' ने आकडेवारी काढा. "ड्रॉप" आणि "आउट ऑफ बफर" सारखे शब्द असलेल्या ओळी दोनदा, मिनिटभराच्या अंतराने बघा. एकूण आकडा कितीही मोठा असू दे, तो वाढतोय का एवढंच महत्त्वाचं. पॅकेटचे झटके येत असतील आणि घेण्याची रिंग (आलेली पॅकेट उचलेपर्यंत ठेवायची जागा) लहान असेल तर पॅकेट सांडतात. ईथटूल लहान 'जी' सध्याचा आणि कमाल आकार दाखवतं, मोठा 'जी' बदलतो. व्हीएमएक्सनेट३ मध्ये ४०९६ पर्यंत जाता येतं. विंडोजमध्ये 'स्मॉल आरएक्स बफर्स' ८१९२ आणि 'आरएक्स रिंग #१ साइज' ४०९६ करता येतो. बदलताना कार्ड क्षणभर खाली-वर होतं, ते जेवणाच्या सुट्टीत करा. रिंग वाढवून झटके झेलता येतात. सीपीयू कायमच मागे पडत असेल तर मोठी रिंगही भरते, आणि मग चौथ्या पायरीवर परत जा.

पायरी ६: ऑफलोड सरसकट बंद करू नका

ऑफलोड म्हणजे पॅकेटचं काम गेस्टच्या सीपीयूऐवजी कार्डावर सोपवणं: टीएसओ पाठवायचा डेटा तोडतं, एलआरओ आलेली पॅकेट जोडतं, चेकसम पॅकेट शाबूत आहे का ते तपासणारा आकडा काढतं. "टीएसओ, एलआरओ, चेकसम, सगळं बंद करा" हा सल्ला खूप फिरतो. टीएसओ चालू असताना मशीन ६४ किलोबाइटपर्यंतचा तुकडा एकदम कार्डाला देतं आणि बारीक तुकडे खाली होतात. बंद केलंत की प्रत्येक १५०० बाइटच्या पॅकेटसाठी गेस्टचा सीपीयू राबतो. आधीच सीपीयू कमी, त्यात ही भर.

बंद करण्याची ठोस कारणं मोजकी आहेत. मशीन स्वतः राउटर किंवा फायरवॉल असेल तर एलआरओ बंद हवं, कारण जोडलेली पॅकेट पुढे पाठवताना गोंधळ होतो. व्हर्टआयओ कार्डावर पीएफसेन्स हा फायरवॉल चालवत असाल तर हार्डवेअर चेकसम ऑफलोड बंद करा. हायपर-व्हीच्या होस्टवर ब्रॉडकॉमचं जुनं १ गिगाबिट नेटएक्स्ट्रीम कार्ड असेल आणि सगळी मशीन मंद असतील तर 'व्हीएमक्यू' (प्रत्येक मशीनला कार्डावर वेगळी रांग देणारी सोय) बद्दल मायक्रोसॉफ्टनेच लिहून ठेवलंय: ड्रायव्हर नवा करा, नाहीतर ते बंद करा.

वायरशार्कमध्ये (पॅकेट पकडून दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये) स्वतःच्याच मशीनवर पकडलेल्या पॅकेटचा चेकसम चुकीचा किंवा लांबी १५०० पेक्षा बरीच जास्त दिसली तर दचकू नका. पकड कार्डाच्या आधीची असते, तेव्हा ते काम व्हायचं बाकी असतं.

एमटीयूबद्दल (एका पॅकेटच्या कमाल आकाराबद्दल) थोडक्यात: ९००० चं मोठं पॅकेट लावायचं तर गेस्ट, व्हर्च्युअल स्विच, खरा स्विच आणि समोरचं टोक, सगळीकडे लावा. एक ठिकाण राहिलं तर पिंग चालतं आणि मोठी कॉपी लटकते. लिनक्समध्ये पिंगला 'एम डू' आणि 'एस ८९७२' देऊन तपासा. नेहमीच्या १५०० साठी १४७२. ऑफिसच्या फाइल सर्व्हरला मला ९००० ची गरज कधी वाटली नाही. स्टोरेजच्या नेटवर्कला वाटली आहे.

पायरी ७: केबल

आता तो ११ मेगाबाइटवाला आकडा. १०० मेगाबिटला केबलमधल्या दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. एखादी तार तुटली, टोकाला गंज चढला किंवा उंदराने कुरतडली की कार्ड आणि स्विच अनेकदा मुकाट्याने १०० वर तडजोड करतात. दिवा हिरवा, पिंग छान, वेग दहावा हिस्सा. मुंबईची दमट हवा, आणि वर फोर्टमधल्या जुन्या इमारतींच्या गच्चीवरून उतरवलेल्या केबली. पावसाळ्यात अशी तिकिटं येतातच. लॅमिंग्टन रोडवर केबल घेताना "सीसीए नको, प्युअर कॉपर द्या" असं स्पष्ट सांगा. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार स्वस्त पडते, पण वाकवली की तुटते.

व्हर्च्युअल दुनियेत हा दोष वेश बदलून येतो. व्हीएमवेअरच्या होस्टला दोन केबली आहेत, त्यातली एक १०० वर पडलीय. नेहमीच्या सेटिंगमध्ये प्रत्येक मशीन तिच्या व्हर्च्युअल पोर्टनुसार एका केबलला बांधलं जातं. परिणाम: त्याच होस्टवर काही मशीन मस्त, काही रडतात. मशीन बंद करून परत चालू केलं की दुसरा पोर्ट मिळू शकतो, आणि लोक म्हणतात "रीस्टार्ट केल्यावर बरं झालं". महिनाभराने भलतंच मशीन रडू लागतं. होस्टवर ईएसएक्ससीएलआय नेटवर्क एनआयसी लिस्ट चालवा आणि प्रत्येक कार्डापुढचा वेग वाचा. लिनक्स होस्टवर ईथटूल नुसतं चालवलं तरी पुरे, पण खऱ्या कार्डावर, व्हर्च्युअलवर नाही. स्विचच्या पोर्टवर सीआरसी एरर (वाटेत बिघडून आलेली पॅकेट) वाढत असतील तर आधी केबल बदला.

पायरी ८: अंतर

फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन दर १०० किलोमीटरला १ मिलिसेकंद. मुंबई ते दिल्ली रेल्वेने साधारण १४०० किलोमीटर. तेव्हा त्या वाटेने गेलेल्या केबलवर १४ मिलिसेकंदांच्या खाली काही होणार नाही, प्रत्यक्षात जास्तच लागतात. टीसीपी विंडो ६४ किलोबाइटवर अडकली असेल आणि फेरी ३० मिलिसेकंदांची असेल, तर लाइन कितीही जाड असो, एका प्रवाहाला १७-१८ मेगाबिटच मिळतात.

जुन्या पद्धतीच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं दुखणं वेगळं: ते एका रिपोर्टसाठी सर्व्हरला हजारो छोटे प्रश्न विचारतं. दहा हजार प्रश्न, ऑफिसच्या लॅनवर प्रत्येकी अर्धा मिलिसेकंद, तर पाच सेकंद. तोच सर्व्हर २० मिलिसेकंद लांब नेला तर दोनशे सेकंद. बँडविड्थ दुप्पट करून यात काही फरक पडत नाही. सॉफ्टवेअर सर्व्हरच्या शेजारच्या मशीनवर चालवा आणि माणसाला रिमोट डेस्कटॉप द्या.

क्लाउडवर असाल तर मशीन कुठल्या रीजनमध्ये (कुठल्या भागातल्या डेटा सेंटरमध्ये) आहे ते आधी बघा. ॲमेझॉनचं मुंबई रीजन २०१६ पासून आहे, तरी कुणीतरी घाईत अमेरिकेतलं आपोआप निवडलेलं रीजन तसंच ठेवलेलं सापडतं. ॲमेझॉनवर "अप टू" लिहिलेला वेग थोडा वेळच मिळतो, मग मशीनच्या मूळ वेगावर उतरतो. आणि एकाच प्रवाहाला, मशीन एका क्लस्टर प्लेसमेंट ग्रुपमध्ये (मुद्दाम जवळजवळ ठेवलेल्या मशीनच्या गटात) नसतील तर, ५ गिगाबिटची मर्यादा असते. ईथटूलच्या आकडेवारीत "अलाउन्स एक्सीडेड" असलेल्या ओळी वाढत असतील तर बिघाड नाही, विकत घेतलेली मर्यादा संपतेय.

एसआर-आयओव्ही आणि शेवटचं तिकीट

कुणीतरी एसआर-आयओव्ही सुचवेल: खऱ्या कार्डाचा एक भाग थेट मशीनला द्यायचा, मधला हायपरवायझर टाळायचा. वेग मिळतो. बदल्यात चालू मशीन एका होस्टवरून दुसऱ्यावर हलवणं व्हीएमवेअरवर साधारणपणे जमत नाही. सेकंदाला लाखो पॅकेट हाताळणाऱ्या कामाला हा सौदा परवडतो, अकाउंट्सच्या सर्व्हरला नाही.

एवढं करूनही सुटलं नाही तर वर पाठवा, पण तिकिटात हे टाका: तिन्ही मोजमापं दोन्ही दिशांनी, एक आणि चार प्रवाहांनी, कार्डाचा प्रकार आणि ड्रायव्हरची आवृत्ती, मोजतानाचा स्टील किंवा रेडीचा आकडा, ड्रॉप वाढतायत की नाही, होस्टच्या खऱ्या कार्डांचा वेग, आणि मोजल्याची वेळ. होस्टचं नावही लिहा, तेही मोजलं त्या वेळचं. मशीन रात्रीतून आपोआप दुसऱ्या होस्टवर गेलेलं असू शकतं, आणि मग डेटा सेंटरचा माणूस सकाळी भलत्याच होस्टची केबल तपासत बसतो.